दहावीचा भूगोल कसा करायचा: सोलापूरच्या पोरापोरींसाठी पायरी पायरीने

दहावीला भूगोलाचा लेखी पेपर ४० मार्कांचा असतो, इतिहास-राज्यशास्त्राचा ४० चा, आणि दोन्ही मिळून अंतर्गतचे २०, असे सामाजिक शास्त्राचे १००. आता ४० च मार्क म्हणून घरोघरी काय होतं, गणित-विज्ञानाला शिकवणी लागते आणि भूगोल "शेवटच्या आठवड्यात वाचून काढू" म्हणून फळीवर जातो. मग पेपर तोंडावर आला की गाईड उघडायचं, ब्राझीलच्या नद्या पाढ्यासारख्या म्हणत बसायचं, आणि नकाशात अॅमेझॉन दक्षिणेला काढून यायचं.

मी इथल्याच मराठी शाळेत शिकले, पुढं भूगोल घेऊन बीए केलं आणि आता संध्याकाळी पूर्व भागात आमच्या गल्लीतल्या पोरांना शिकवते. त्यातल्या निम्म्यांच्या घरी तेलुगू नाहीतर कन्नड बोलतात, काहीजण मधेच माध्यम बदलून आलेत, सेमीवाल्यांचा भूगोल पण मराठीतच असतो, त्यामुळं "मॅडम पुस्तकातलं मराठीच कळत नाही" हे रोज ऐकते. हे सगळं त्यांच्यासाठी लिहिलंय. माझं म्हणणं एवढंच की भूगोल डोळ्यानं आणि हातानं करायचा विषय आहे, आधी नकाशा, मग धडा, आणि पाठांतर सगळ्यात शेवटी.

एक सांगून ठेवते, हे सगळं ब्राझील-भारत तुलनेचं जे २०१८ पासूनचं पुस्तक आहे त्याच्यावर आहे. तुमच्या वर्षाला पुस्तक तेच आहे का बदललं, हे वर्गशिक्षकांना विचारूनच वही घाला. भावाचं-बहिणीचं जुनं पुस्तक घेणाऱ्यांनी तर नक्कीच.

## १. आधी पेपर बघा, पुस्तक नंतर उघडा

जुना पेपर कुणाकडनं तरी मिळवा आणि अभ्यास सुरू करायच्या आधीच नुसता वाचून काढा, सोडवू नका. दोन तासांचा पेपर असतो आणि साधारण असा असतो:

- प्रश्न १ ते ३: पर्याय निवडा, जोड्या, एका वाक्यात उत्तरं. चार-चार मार्क, म्हणजे १२.
- प्रश्न ४: नकाशा. अ मध्ये दिलेल्या आराखड्यात भरायचं, ४ मार्क. आ मध्ये छापलेला नकाशा वाचून उत्तरं द्यायची, ४ मार्क.
- प्रश्न ५: भौगोलिक कारणे, दोन लिहायची, ६ मार्क.
- प्रश्न ६: आलेख काढा किंवा दिलेला आलेख वाचा, ६ मार्क.
- प्रश्न ७: सविस्तर उत्तरं, दोन, ८ मार्क.

आता नीट बघा. नकाशाचे ८ आणि आलेखाचे ६ मिळून १४ मार्क झाले, ४० पैकी १४, आणि याला पाठांतर जवळपास नाहीच. त्यातले नकाशावाचनाचे ४ तर समोर छापलेले असतात, सूची बघायची आणि लिहायचं. तरी पोरं यातच मार्क घालवतात, कारण सूची न बघता आठवणीतनं उत्तर लिहितात. नकाशात जे दाखवलंय तेच लिहायचं, बाहेरचं ज्ञान पाजळायची ती जागा नाही.

## २. सामान गोळा करा

फार खर्च नाही. नवी पेठेत नाहीतर शाळेजवळच्या कुठल्याही स्टेशनरीवाल्याकडं सगळं मिळतं.

- बालभारतीचं पाठ्यपुस्तक. नाही मिळालं तर ई-बालभारतीच्या साईटवर पीडीएफ फुकट आहे, पण नकाशे मोबाईलवर बघून डोळे फुटतात, पुस्तक घ्याच.
- शालेय नकाशासंग्रह, म्हणजे अॅटलास. मराठीतला घ्या. घरात एक जुना असला तरी चालतो, फक्त तेलंगणा वेगळं राज्य दाखवलंय का बघा, ते २०१४ ला झालं.
- कोरे नकाशे, भारताचे आणि ब्राझीलचे. भारताचे सुटे मिळतात, ब्राझीलचा नसला तर पुस्तकातला एक ट्रेस करून त्याच्या झेरॉक्स काढा.
- भारत आणि ब्राझीलचं स्टेन्सिल.
- आलेख कागदाची वही किंवा सुटे कागद.
- एचबी पेन्सिल, खोडरबर, ३० सेंमीची पट्टी, कंपास, रंगीत पेन्सिली. स्केचपेन नको, मागच्या पानावर उमटतं.
- एक शंभर पानी वही, फक्त नकाशे-आलेखांसाठी वेगळी.

गाईड घ्यायचं का? घ्या, पण दिवाळीनंतर. आधी घेतलं की पुस्तकातले नकाशे कुणी बघतच नाही, आणि प्रश्न बऱ्याचदा त्या नकाशांखालच्या चौकटीतनंच येतात, "जरा विचार करा", "सांगा पाहू" वगैरे ज्या आपण उलटून टाकतो त्यातनं.

## ३. ब्राझीलला जायच्या आधी सोलापूर कुठंय ते शोधा

हे केल्याशिवाय मी कुणाला पुढं जाऊ देत नाही. अॅटलास उघडा, महाराष्ट्र काढा आणि सोलापूरचं स्थान बघा: अंदाजे १७° ४०′ उत्तर, ७५° ५४′ पूर्व. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. या दोन आकड्यांवर अर्धा "स्थान-विस्तार" धडा समजतो, कसा ते सांगते.

पहिला आकडा, १७° ४०′ उत्तर. कर्कवृत्त २३° ३०′ वर आहे, म्हणजे आपण त्याच्या दक्षिणेला, उष्ण कटिबंधात. म्हणून सूर्य वर्षातनं दोनदा बरोबर आपल्या डोक्यावर येतो, एकदा मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि परत जुलै संपता संपता. जुलैतलं ढगात जातं, पण मे मधलं सोलापूरच्या उन्हात सुटत नाही. गच्चीवर एक पाईप किंवा बाटली सरळ उभी करा आणि बघा, सावली बुडाखाली गायब होते. दिल्लीत हे कधीच होत नाही कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे. आता ब्राझीलचा नकाशा घ्या, तिथं विषुववृत्त उत्तरेतनं जातं आणि मकरवृत्त दक्षिणेतनं, सावो पावलोच्या जवळनं. म्हणजे बहुतेक देश आपल्यासारखाच उष्ण कटिबंधात, फक्त दक्षिणेकडचा तुकडा त्याच्या बाहेर.

दुसरा आकडा, ७५° ५४′ पूर्व. भारताची प्रमाणवेळ ८२° ३०′ पूर्व रेखावृत्तावर. फरक साधारण साडेसहा अंशाचा, एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे सोलापूरची स्थानिक वेळ घड्याळापेक्षा सुमारे २६ मिनिटं मागं. म्हणूनच ती सावली बरोबर बाराला नाही, तर बारा वाजून वीस-पंचवीस मिनिटांनी गायब होते. बाराला बघून "मॅडम काही झालं नाही" म्हणत खाली उतरणारे दरवर्षी असतात.

हेच गणित ब्राझीलला लावा. ब्राझीलिया ग्रीनिचच्या ३ तास मागं, आपण साडेपाच तास पुढं, म्हणून फरक साडेआठ तासांचा. आपल्याकडं दुपारचे १२ तर तिथं पहाटेचे साडेतीन. पूर्वेला पुढं, पश्चिमेला मागं, हे डोक्यात बसलं की कुठलंही उदाहरण सुटतं.

## ४. धडे पुस्तकाच्या क्रमानं करू नका

पुस्तकात पहिला धडा क्षेत्रभेट आहे. तो शेवटी करा किंवा सहल ठरली की करा. सुरुवात "स्थान-विस्तार", मग "प्राकृतिक रचना व जलप्रणाली", मग "हवामान", मग "नैसर्गिक वनस्पती व प्राणी". हे चार सलग करायचे, मधे खंड नको, कारण एकातनं दुसरं निघतं: डोंगर कुठं आहे त्यावर पाऊस, पावसावर जंगल, जंगलावर प्राणी.

त्यानंतर "लोकसंख्या", "मानवी वस्ती", "अर्थव्यवस्था व व्यवसाय", आणि "पर्यटन, वाहतूक व संदेशवहन". पहिले चार पक्के असले तर हे चार निम्म्या वेळात होतात, कारण माणूस कुठं राहतो आणि काय पिकवतो याची कारणं मागच्या धड्यांतच आहेत.

नववीचं पुस्तक रद्दीत देऊ नका. वृष्टी, अंतर्गत हालचाली, बाह्यप्रक्रिया, हे कच्चं असलं तर दहावीचं हवामान अधांतरी राहतं. आरोह पाऊस, प्रतिरोध पाऊस, पर्जन्यछाया हे तीन शब्द नववीतनं पक्के करूनच या.

## ५. ब्राझील सोलापुरातनं समजून घ्या

"मॅडम ब्राझील कधी बघितलाच नाही तर लक्षात कसा ठेवायचा?" बघायची गरज नाही, आपल्या जिल्ह्यात ज्या गोष्टी रोज दिसतात त्याच तिथं मोठ्या मापानं आहेत.

पाऊस घ्या. अरबी समुद्रावरनं वारे येतात, सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथंच ओततात. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलीमीटरच्या वर पाऊस, आणि घाट उतरून वारा आपल्याकडं येईपर्यंत त्यात काही शिल्लकच नाही, सोलापूरला हजारही भरत नाही. आपण पर्जन्यछायेत. त्यात आपला जास्तीचा पाऊस जून-जुलैत नाही तर सप्टेंबरात, परतीच्या आधी-मधी, हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. आता ब्राझीलचा नकाशा बघा. तिथं वारे अटलांटिकवरनं, पूर्वेकडनं येतात. उच्चभूमीची समुद्राकडची बाजू एकदम उभ्या भिंतीसारखी आहे, पुस्तकात तिला "अजस्र कडा" म्हटलंय. वारे त्याला अडतात, किनाऱ्याच्या बाजूला पाऊस, आणि पलीकडं ईशान्येला जो कोरडा प्रदेश राहतो तो अवर्षण चतुष्कोन. झालं, सांगोला-मंगळवेढ्याला जे होतं तेच तिथं, फक्त आपल्याकडं वारा पश्चिमेचा आणि त्यांच्याकडं पूर्वेचा. ही एक गोष्ट समजली तर हवामानाच्या धड्यातली दोन-तीन भौगोलिक कारणं आपोआप लिहिता येतात.

नदी घ्या. भीमा उगम पावते भीमाशंकरला, सह्याद्रीत, तिथनं अरबी समुद्र जवळ. पण पठाराचा उतार आग्नेयेकडं, म्हणून ती पंढरपुरावरनं, आपल्या जिल्ह्यातनं कर्नाटकात जाते, कृष्णेला मिळते आणि पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात. अॅमेझॉनचं तेच. उगम पेरू देशात अँडीज पर्वतात, पॅसिफिक महासागराच्या जवळ, आणि वाहत जाते आख्खं खंड ओलांडून अटलांटिकला. दोन्ही नद्या एका समुद्राच्या शेजारी जन्मून दुसऱ्या समुद्राला जातात, कारण नदी कुठं जाणार हे समुद्र किती जवळ यापेक्षा उतार कुणीकडं यावर ठरतं. पंढरपूरला कधी गेलात तर पुलावरनं बघा, नदी चंद्रकोरीसारखी वळलीय म्हणून ती चंद्रभागा. नववीच्या बाह्यप्रक्रियेतलं नागमोडी वळण ते हेच.

नदीखोरं म्हणजे काय हे उजनी इतकं चांगलं कुणी शिकवत नाही. सोलापुरात थेंब नसतो आणि पेपरात बातमी, "उजनी पन्नास टक्के". पाऊस पडतो पुण्याकडं घाटमाथ्यावर, तिथली धरणं भरून सोडली की पाणी भीमेतनं उजनीत. धरण आपलं, पाऊस त्यांचा. खोरं म्हणजे जिथला जिथला पाऊस त्या नदीला येऊन मिळतो तो सगळा प्रदेश, ही व्याख्या मग पाठ करावी लागत नाही.

लोकसंख्या आणि वस्तीला आपलं गावच उदाहरण. पूर्व भागात एवढी तेलुगू घरं का? मागानं आणली. १८७७ मध्ये इथं पहिली गिरणी निघाली, आपण जिला जुनी मिल म्हणतो ती, त्याच्या पुढं हातमाग, यंत्रमाग वाढले आणि तेलंगणातनं विणकर कुटुंबं येत राहिली. स्थलांतराचं कारण रोजगार. ब्राझीलमध्ये पण लोक आग्नेय किनाऱ्यालगत, सावो पावलो, रिओ दी जनेरो या पट्ट्यात गोळा झाले, कारण उद्योग, बंदरं, कॉफीचे मळे तिथं. गर्दी आतल्या भागात सरकावी म्हणून सरकारनं राजधानीच रिओवरनं उचलून ब्राझीलियाला नेली, १९६० मध्ये. आकडे दोनच ठेवा: भारतात २०११ च्या जनगणनेप्रमाणं दर चौरस किलोमीटरला ३८२ माणसं, ब्राझीलमध्ये २०१० ला जवळपास २३.

आणि व्यवसायात? ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांना सांगायची गरज नाही, साखरेचा भाव पडला की "ब्राझीलमध्ये उत्पादन वाढलं" ही बातमी कारखान्याच्या गेटवर सगळ्यांना माहीत असते. साखर आणि कॉफी, दोन्हीत ब्राझील जगात पहिला.

इथं फसतात: भारत उत्तर गोलार्धात, ब्राझीलचा बहुतेक भाग दक्षिण गोलार्धात. म्हणून डिसेंबरात तिथं उन्हाळा. आणि तिथं दक्षिणेला जाल तसं थंड होत जातं, विषुववृत्त उत्तरेला आहे म्हणून. आपल्याला उत्तर म्हणजे थंड ही सवय, त्यामुळं उत्तर ब्राझील थंड असं लिहून येतात. तसंच रेखावृत्तं: आपली पूर्व, त्यांची पश्चिम. "३४° पूर्व" लिहिलं की तुम्ही ब्राझील उचलून आफ्रिकेत ठेवलात.

## ६. नकाशा भरणे

याला रोज दहा मिनिटं, जास्त नको. पद्धत अशी.

पहिल्या आठवड्यात नावं भरूच नका, फक्त बाह्यरेषा. स्टेन्सिल ठेवायचं, डाव्या हाताची दोन बोटं मधे नाही तर दोन टोकांना दाबायची, नाहीतर गुजरातपर्यंत येईस्तोवर ते सरकतं आणि काठेवाडची सोंड तुटते. पेन्सिलीला टोक हवं पण भाल्यासारखं नको, खाचेत अडकून मोडतं.

मग एका नकाशावर एकच विषय. एकावर फक्त नद्या, दुसऱ्यावर फक्त पर्वत-पठारं, तिसऱ्यावर शहरं-बंदरं. सगळं एकात कोंबलेला नकाशा दिसायला भारी, लक्षात काही राहत नाही. भरताना पुस्तक उघडं ठेवा, संध्याकाळी दुसरा कोरा घेऊन पुस्तक बंद करून तेच भरा, आणि मग लाल पेन्सिलीनं स्वतः तपासा.

ब्राझीलसाठी हे तर पाहिजेच: ब्राझीलिया, रिओ, सावो पावलो, मॅनॉस, अॅमेझॉन आणि सावो फ्रान्सिस्को नद्या, माराजो बेट, पॅन्टानल (दलदलीचा प्रदेश), अवर्षण चतुष्कोन, पिको दी नेब्लीना (सगळ्यात उंच शिखर). शिवाय दक्षिण अमेरिकेत ब्राझीलला न चिकटलेले देश दोनच, चिली आणि इक्वेडोर, हा एका मार्काचा लाडका प्रश्न आहे. भारतासाठी लक्षद्वीप, अंदमान-निकोबार, चिल्का, नर्मदा, केरळ, थरचं वाळवंट, इंदिरा पॉइंट असली ठिकाणं.

परीक्षेत भरताना तीन गोष्टी:

- नदी रेषेनं दाखवायची, शहर ठिपक्यानं, प्रदेश रेघोट्या मारून किंवा रंगानं. नुसतं नाव लिहून चालत नाही.
- सूची कोपऱ्यात चौकट करून. चिन्ह नकाशात आहे आणि सूचीत नाही, असं केलं की मार्क जातो.
- सहापैकी चारच भरायचे असतात तर जे शंभर टक्के येतं तेच भरा, पण वेळ असेल तर पाचवं टाकायला कुणी अडवत नाही.

आणि हो, भरायचा आराखडा बोर्डच देतं. काही पोरं स्टेन्सिलनं उत्तरपत्रिकेत आख्खा नकाशा काढत बसतात आणि दिलेला आराखडा तसाच कोरा बेंचवर. स्टेन्सिल घरच्या सरावासाठी.

## ७. आलेख

आलेखाला भिणाऱ्यांनी उजनीपासून सुरुवात करावी. पावसाळ्यात पेपरात रोज टक्केवारी येते, ती कात्रणं वहीत चिकटवा आणि आठवड्याच्या एका दिवसाचा आकडा घेऊन रेषालेख काढा. खालच्या आडव्या अक्षावर तारखा, उभ्यावर टक्के. उन्हाळ्यात उजनी "मायनस"मध्ये जाते, म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यातलं पाणी वापरणं सुरू होतं, तेव्हा शून्याची रेघ कागदाच्या मधोमध घ्यावी लागते. बोर्डाला असला आलेख येत नाही, पण हा ज्याला जमला त्याला पेपरातला आलेख म्हणजे किरकोळ.

आता पेपरातल्यासारखं एक उदाहरण. भारतातलं नागरीकरण: १९९१ ला २५.७ टक्के, २००१ ला २७.८, २०११ ला ३१.२. स्तंभालेख काढायचाय. प्रमाण घेऊया १ सेंमी = ५ टक्के. म्हणजे आलेख कागदावरचा एक बारीक घर, १ मिलीमीटर, अर्धा टक्का. ३१.२ साठी किती? ६ सेंमीला ३० टक्के, उरले १.२, म्हणजे दोन बारीक घरं आणि तिसऱ्याचा निम्म्याहून थोडा कमी भाग. हे डोळ्यांनी दिसायला लागलं की आलेख आलाच. सगळ्या स्तंभांची रुंदी सारखी, मधलं अंतर सारखं.

मार्क कुठं जातात ते पण ऐका: शीर्षक नाही, अक्षांना नावं नाहीत, वर उजव्या कोपऱ्यात प्रमाण लिहिलेलं नाही. आलेख सुरेख आणि दोन मार्क गेले. काढून झाला की पेन्सिल खाली ठेवायच्या आधी या तिन्ही जागांवर बोट ठेवून बघायचं.

काढायचा का वाचायचा, यात पर्याय असतो. हात चालत असेल तर काढा. वाचनाचे प्रश्न सोपे वाटतात पण शेवटचे एक-दोन "किती टक्क्यांनी वाढ" असले गणिती असतात, ते आधी वाचून मगच ठरवा.

## ८. भौगोलिक कारणे

तीन मार्क म्हणजे तीन मुद्दे, आणि शेवटचं वाक्य प्रश्नातलंच, "म्हणून" लावून. उदाहरण: अॅमेझॉन खोऱ्यात लोकवस्ती विरळ आहे.

- हा प्रदेश विषुववृत्ताजवळ आहे, वर्षभर उष्णता आणि भरपूर पाऊस असल्यामुळं हवा दमट आणि रोगट आहे.
- घनदाट वर्षावनं असल्यामुळं आत जाणं अवघड, रस्ते कमी.
- त्यामुळं शेती, उद्योग, साधनसंपत्तीचा वापर मर्यादित, रोजगार नाही. म्हणून लोकवस्ती विरळ आहे.

बघा, एक मुद्दा हवामानाचा, एक भूमीचा नाहीतर जंगलाचा, एक माणसाच्या कामधंद्याचा. निम्म्याहून जास्त भौगोलिक कारणं या तीन खुंट्यांवर टांगता येतात. "कारण तिथं लोक कमी राहतात" असलं उत्तर म्हणजे प्रश्नच परत लिहिला, त्याला शून्य. सविस्तर उत्तरालाही हेच, फक्त जिथं भारत-ब्राझील फरक विचारलाय तिथं दोन रकाने करा आणि एकेका मुद्द्याला समोरासमोर लिहा.

मराठी कच्चं असणाऱ्यांनी भाषेची भीती बाळगू नका. छोटी वाक्यं लिहा. तपासणारा शब्दालंकार बघत नाही, मुद्दा बघतो.

## ९. क्षेत्रभेट

यात बहुतेक शाळा नुसती सहल काढतात, आणि अहवाल गाईडातनं. आपल्या जिल्ह्यात मात्र क्षेत्रभेटीला जागाच जागा: उजनी, नान्नजचं माळढोक अभयारण्य (माळढोक दिसेलच असं नाही पण काळवीट आणि गवताळ माळ दिसतो), मंगळवेढ्याची ज्वारीची काळी रानं, केगावचं डाळिंब संशोधन केंद्र, एखादा साखर कारखाना, आणि काहीच नाही जमलं तर गल्लीतला यंत्रमाग कारखाना. चादरीच्या कारखान्यात गेलात तर एवढंच विचारा: सूत कुठनं येतं, माल कुठं जातो, वीज गेली तर काय होतं, कामगार मूळचे कुठले. चार प्रश्नांत आख्खा अर्थव्यवस्थेचा धडा. आवाजामुळं आत काही ऐकू येत नाही, म्हणून प्रश्न बाहेर दारातच विचारून घ्या, आणि मागाजवळ ओढणी-बाह्या सांभाळा.

लागणारी कागदं: शाळेचं परवानगीपत्र (जिथं जाणार तिथं आधी पोचवायचं, दारात जाऊन दाखवायचं नाही), पालकांचं संमतीपत्र, शाळेचं ओळखपत्र. बरोबर वही, तयार केलेली प्रश्नावली, जिल्ह्याचा नकाशा, पाणी, टोपी, आणि कचऱ्यासाठी एक पिशवी. प्रश्नावली आदल्या दिवशी तयार पाहिजे, बसमध्ये नाही.

## १०. सतरा नंबर फॉर्मवाल्यांसाठी थोडं

शाळा मधेच सुटली आणि आता दहावी करायचीय असे पण बरेचजण आहेत, मागावर काम करणारे, विडी वळणाऱ्या ताया. तुम्ही सतरा नंबर फॉर्म ऑनलाईन भरून खाजगी म्हणून बसू शकता. शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार कार्ड, फोटो हे आधी जमवा. सोलापूर पुणे विभागीय मंडळात येतं. फॉर्मची मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते, "हॉल तिकीट निघाल्यावर बघू" म्हणाल तर वर्ष गेलं. संपर्क केंद्र म्हणून जी शाळा मिळते तिथं जाऊन अंतर्गत मूल्यमापनाचं काय द्यायचं ते लगेच विचारा, ते स्वतःहून कुणी सांगत नाही. ताई, तुमच्यासाठी भूगोल खरं तर सोपा आहे, पीक-पाणी-पाऊस तुम्ही पोरांपेक्षा जास्त बघितलाय.

## ११. पेपरच्या दिवशी

मार्चमधलं ऊन लक्षात घेऊन घरनं वेळेत निघा. कंपासमध्ये दोन पेन्सिली टोक करून, रंगीत पेन्सिली चार-पाच पुरेत. सूचना वाचा, पेपर उलटून नकाशा आणि आलेख आधी बघून घ्या. माझ्या पोरांना मी प्रश्न ४ आणि ६ पहिल्या तासातच उरकायला सांगते, शेवटी ठेवलं की घाईत हात थरथरतो आणि सूची राहते. मग कारणं आणि सविस्तर, आणि एका मार्काचे शेवटी, ते दहा-पंधरा मिनिटांत होतात. फक्त प्रश्न क्रमांक समासात स्पष्ट टाका.

नकाशाचा आराखडा आणि आलेख कागद, दोन्हीवर सीट नंबर टाकून उत्तरपत्रिकेला नीट बांधा आणि पर्यवेक्षकांना दाखवून मगच उठा.